आतल्या खोलीतला प्रिंटर

टायपिस्टबाईंनी नवा रंगीत प्रिंटर घेतला तो काही हौसेपोटी नाही. एका विद्यार्थ्याच्या प्रबंधात चाळीस रंगीत आलेख होते आणि बाईंच्या जुन्या प्रिंटरला काळ्याशिवाय दुसरा रंग ठाऊक नव्हता. पण इमानी जुन्याला हाकलायचं तरी कसं? दोन्ही एकाच संगणकाला जोडून द्या, असं त्यांनी दुरुस्तीवाल्याला सांगितलं. तो म्हणाला, दोन काय, दहा जोडून देतो. फक्त छापण्याआधी कुठल्यावर पाठवताय ते बघत जा.

भर दुपारी त्याचं काम उरकलं. पडद्यावरच्या यादीत मात्र तीन नावं दिसत होती. तिसरं होतं 'आतली खोली'. त्याने ते काढून टाकलं, ते पुन्हा उगवलं. तीनदा असंच झालं. जुनी नोंद असेल, पडून राहू द्या बिचारीला, असं म्हणून तो हत्यारं गोळा करून गेला.

नोंद जुनीच होती. बाईंचा नवरा छापखान्याची मुद्रितं तपासायचा आणि आतल्या खोलीत त्याचा वेगळा प्रिंटर असायचा. बाईंची बोटं वाऱ्यासारखी चालायची, पण छापताना नाव बघायचं तेवढं त्यांना जमलं नाही. दिवसातून दोनदा तरी बाईंचं पान आत निघायचं आणि आतून हाक यायची, "टिकटिके, तुझं इकडे आलंय गं." अकरा महिन्यांपूर्वी तो गेला. मागोमाग त्याचा प्रिंटरही बाईंनी भंगारात दिला. त्यानंतर त्यांना टिकटिके म्हणणारं कुणी उरलं नव्हतं. घर खायला उठायचं.

तासाभराने बाईंनी पहिला आलेख छापायला पाठवला. नवा प्रिंटर हलला नाही, जुनाही नाही. खोड जाते थोडीच? पान गेलं होतं 'आतली खोली'वर. स्वतःलाच शिव्या घालत त्या ते रद्द करणार, तोच नावापुढे अक्षरं उमटली. 'कागद संपला. कागद घाला.'

बाईंना आधी हसू आलं. तो कधी स्वतः कागद घालत नसे. ते काम बाईंचंच. मग हसू ओठांवरच विरलं. असं काही नसतं, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. तरी त्या उठल्या, थोडे कागद घेतले, आतल्या खोलीतल्या रिकाम्या टेबलावर ठेवले आणि बाहेर येऊन दार ओढून घेतलं. वेड लागलंय मला, असं त्या पुटपुटल्या. पण ती हाक एकदा, फक्त एकदाच ऐकू यावी, यासाठी त्यांनी याहून मोठा वेडेपणाही केला असता.

पडद्यावर आता 'तयार' असं दिसत होतं. बाईंनी आलेख रद्द केला. कोऱ्या पानावर एकच ओळ टाइप केली, 'आत आहात ना?' या वेळी नाव नीट बघितलं आणि पान पाठवलं.

घरात पंख्याचा तेवढा आवाज होता. बाईंनी तोही बंद केला.

आधी वास आला... तापलेल्या कागदाचा, शाईचा. मग बंद दारामागे काहीतरी घरघरलं. कागद आत ओढला गेला. अडखळला. पुढे सरकला. बाईंच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं. भीतीने नव्हे, अकरा महिन्यांत पहिल्यांदा त्या घरात एकट्या नव्हत्या. 'आले हं' असं म्हणायला त्यांनी ओठ उघडूनही ठेवले.

घरघर थांबली. दारापलीकडे कुणीतरी घसा साफ केला.

"टायपिस्टबाई... तुमचं इकडे आलंय."

आवाज पुरुषाचा होता. मऊ, अदबशीर. बाईंनी तो आयुष्यात कधी ऐकला नव्हता.

त्या खुर्चीला खिळल्या. ओठांवरचं 'आले' कसंबसं गिळलं. उत्तर दिलं नाही, तर निघून जाईल... कदाचित...

"येताय ना?" तो आवाज म्हणाला. त्याला घाई नव्हती.

मग पुन्हा घरघर सुरू झाली. पान बाईंनी एकच पाठवलं होतं. आत मात्र कागद पडतच राहिले, एकामागून एक, सावकाश.