पिछाडीची मापं

आमच्या पाणबुड्यांच्या गटाची प्रमुख आणि पाण्यातली माझी जोडीदार डॅगमार हिचं नाक चोंदलं, म्हणून माझ्या वाट्याला रेइनो आला. सर्दी झालेल्याला आमच्या गटात पाण्यात उतरू देत नाहीत, खोलात कानाचा पडदा फाटतो. आणि सुपीरियर तलावात एकटं उतरायचं नाही, हा तर पहिलाच नियम.

“पोहता येतं ना?” मी धक्क्यावरच विचारलं.

“बुडता चांगलं येतं…”

मी हसले, आणि तिथेच फसले.

डॅगमार बरी झाली तरी जोडी तीच राहिली, आणि उन्हाळाभर आम्ही शंभर वर्षांपूर्वी गव्हासकट बुडालेलं एक शिडाचं जहाज मोजत होतो. मी पुढच्या टोकाला, तो पिछाडीला. मध्ये काळपट, गारठलेलं पाणी आणि दूरवर त्याच्या टॉर्चचा उजेड. वर आल्यावर माझी बधिर बोटं तो तळहातांत धरून बसायचा — उगाच जास्त वेळ.

“झाली की गरम,” मी म्हणायचे.

“करंगळी राहिलीय अजून.”

ऑगस्टात त्याची मापं नकाशावर उतरवायला बसले आणि माझा हात थांबला. सुकाणू खऱ्या जागेपेक्षा तीन फूट डावीकडे होतं. ही चूक माझी, दोन वर्षांपूर्वीच्या नकाशातली. गेल्याच आठवड्यात जुने फोटो बघताना ती मला कळली होती आणि लाजेनं मी कुणाला सांगितली नव्हती. त्यानं ती जशीच्या तशी उतरवली होती.

संध्याकाळी तो आला तेव्हा मी कागद पुढे केला. “तू मोजलंच नाहीस. उजेड तर कायम एकाच जागी दिसायचा. टॉर्च कठड्यावर ठेवून कुठे जात होतास?”

“आत. उर्हो तिथेच असेल.”

तीन वर्षांपूर्वी उर्हो नावाचा एकजण या जहाजाकडे एकटाच उतरला होता आणि वर आला नव्हता. तो रेइनोचा भाऊ होता, हे रेइनोनं मला आत्ता सांगितलं. जहाजाच्या आत, कुजक्या वाशांखाली जायला तेव्हापासून सगळ्यांना बंदी आहे.

“डॅगमारला सांगू नकोस, सोल्वेग. एकच खोली राहिलीय… तुझं प्रेम आहे ना माझ्यावर?”

“आहे. म्हणून तर सांगणार.”

“ती मला परत पाण्यात उतरू देणार नाही.”

“नको उतरूस.”

“आणि तो तिथेच असला तर?”

“असू दे. तू अडकलास तर तुला शोधायला मी आत जाईन रे… माझं मला माहीत आहे.”

वाटलं, आता जवळ घेईल. त्यानं जाकीट उचललं. दारात थांबून म्हणाला, “आईला काय सांगू?”

तो गेल्यावर मी डॅगमारला फोन लावला आणि सांगितलं, रडत रडत, पण सगळं.