बांधावरची वायर

दिव्यानीच्या लॅपटॉपची बॅटरी जंगलालगतच्या मोहर्लीत, धानाच्या बांधावर संपली, आणि नेमकी तेव्हाच निकेशची सफारीची जिप्सी तिथून चालली होती.

"म्याडम, वायर देऊ का तुमाले?"

त्याने जिप्सीच्या बॅटरीतून वीज काढून दिली आणि धानाकडे पाहत उभा राहिला... तिच्याकडे पाहत नसल्यासारखा.

ऊर्जानगरची ही पोर बांधांवर बसवलेल्या, वाघ दिसताच भोंगा वाजवणाऱ्या पेट्या दुरुस्त करायची. पेटी मधूनच मुकी होई. का, हे कळायला आतला प्रोसेसर अडवून त्याची रजिस्टरं, म्हणजे चालू आकडे ठेवायचे त्याचे छोटे कप्पे, वाचावी लागत. त्या घडीला त्याच्या हातात काय होतं, ते तिथंच असतं.

"मग वाच ना," पुढे कधीतरी निकेश म्हणाला. तोवर त्याचं 'म्याडम' म्हणणं मागे पडलं होतं.

"जास्त वेळ अडवलं की पेटी आपोआप पहिल्यापासून सुरू होते. मागचं सगळं विसरते."

हाताने एकेक आकडा विचारत बसायला सवड नसे. म्हणून ती डीबगरला, पेटी अडवून आत डोकावणाऱ्या साधनाला, जोडायचा एक छोटा प्रोग्राम लिहीत होती. पेटी अडताच रजिस्टरं त्यानंच वाचून ठेवायची.

"लय घाईची हाये तुही पेटी," तो हसला.

दिव्यानी आता लॅपटॉप घरून भरून आणायची. तरी निकेश वायर जोडायचा, आणि ती जोडू द्यायची.

धान पोटरीत आलं तेव्हा त्याने वायर गुंडाळता गुंडाळता विचारलं, "घरचे लग्नाचं म्हणून राह्यले, साक्षगंध करून टाकू म्हणते. तुह्यं नाव सांगू का नाई?"

उत्तर तिच्या ओठांवरच होतं. पण पडद्यावर आकडे उमटले — आणि तिची नजर तिकडे गेली.

"हे होऊ दे आधी... मग सांगते."

"थांबतो," तो म्हणाला.

ते आकडे कामाचे नव्हते. प्रोग्राम उशिरा वाचत होता, पेटी नव्याने सुरू झाल्यावर. तो सुधारता सुधारता धान कापून झालं. निकेशचं येणं विरळ झालं, मग थांबलं. तिला वाटलं, सफारीची गर्दी असेल.

एका सकाळी रजिस्टरं खरी आली. प्रोसेसर कुठं अडला, लख्ख दिसलं. ती तशीच सफारीच्या गेटवर गेली. निकेश जिप्सीची काच पुसत होता. बोटात नवी अंगठी होती.

"झालं साक्षगंध?"

"झालं. धानोऱ्याची हाये. पायल."

मग तिच्या खांद्यावरच्या बॅगेकडे पाहत तो हळूच म्हणाला, "म्याडम, वायर देऊ का तुमाले?"

"नको," दिव्यानी म्हणाली. "बॅटरी भरलेलीच असते."