कृष्णनाथ सरांचा तास, विनोदिनी टीचरचा तास

"वायरमन ना तुम्ही? आधी तो पंखा बघा!" पेडण्याच्या हायस्कुलात विनोदिनी टीचर घाईघाईत म्हणाली.

वायरींचं भेंडोळं घेतलेल्या त्या उंच तरुणानं निमूटपणे पंखा चालू केला... आणि आठवीच्या वर्गात मागच्या बाकावर जाऊन बसला.

"मी कृष्णनाथ. डिचोलीजवळच्या मयेच्या शाळेत विज्ञान शिकवतो. आज तुमचा तास बघायला—"

विनोदिनीला धरणी दुभंगेल तर बरं, असं झालं. पेडणे आणि डिचोली तालुक्यांतल्या विज्ञान शिक्षकांनी दर महिन्याला एकमेकांचे तास बघायचे आणि मग बसून बोलायचं, असं ठरलं होतं. नेमका तिचाच तास पहिला!

तिनं दोन बल्ब एकामागोमाग जोडले. "दोन्ही सारखेच पेटतील हं!" पण दुसरा नुसताच मिणमिणला.

"पहिल्यानं वीज खाल्ली, टीचर!" वर्ग ओरडला.

"सांगा, काय काय चुकलं," तास संपल्यावर ती रडवेली होऊन म्हणाली.

"माझ्याही वर्गात हेच झालं होतं," तो हळूच म्हणाला. "मी काय केलं, ठाऊक आहे? परीक्षेत येत नाही म्हणून सांगितलं नि पान उलटलं!"

ती खुदकन हसली.

शिक्षकांच्या खोलीत समोरचा भाजी-पाव थंड झाला तरी दोघं तारा जोडतच होती. एकदम ती म्हणाली, "बल्बांच्या जागाच बदलल्या तर?"

बदलल्या. आता पहिल्या जागेवरचा मिणमिणला! वीज कुणीच खात नव्हतं, बल्बच वेगवेगळे होते. "वा!" कृष्णनाथ म्हणाला, पण त्याची नजर बल्बांवर नव्हती...

मग ती मयेला जाऊ लागली, तो पेडण्याला येऊ लागला. "तुम्ही मुलांना बोलूच देत नाही," असं तिनं एकदा तोंडावर सांगितलं, तेव्हा तो आठवडाभर घुश्शात होता. नंतर त्याचाच फोन आला— "टीचर, आज वर्ग इतका बोलला, की मलाच गप्प बसावं लागलं!"

मार्चमधली शेवटची बैठक मयेला झाली. दोघं तळ्याकाठी रेंगाळली.

"पुढच्या वर्षी गट असेल की नाही, कोण जाणे," तो म्हणाला. "मग माझ्या चुका कोण दाखवणार?"

"पेडण्याहून बस येते की!"

"बसचं नाही म्हणत मी... कायमचं विचारतोय, विनोदिनी."

तिच्या कानांच्या पाळ्या तापल्या. पाण्यावर एक पाणकावळा बुडी मारून कधीचाच वर आला होता, तरी ती तिकडेच बघत राहिली.

"रविवारी बाबा घरी असतात," ती पुटपुटली. "येताना आईंनाही घेऊन या..."

ती थांबली. मग ओठ चावून, अगदी हळू म्हणाली,

"ये."