ळच्या बाजूचा ठिपका

सोमवारी सकाळी ताईंनी नेहमीसारखे दोन कागद एकावर एक ठेवून खिडकीच्या काचेवर धरले. दोन टाइपफेस, म्हणजे छापायच्या अक्षरांचे संच, सारखे आहेत की नाहीत, हे बघायची त्यांची ही जुनी रीत. मॉनिटरवर अक्षर हत्तीएवढं करून बघा, डोळा फसायचा तो फसतोच. काच मात्र फसवत नाही. मागचं अक्षर पुढच्याच्या आड लपलं तर दोन्ही एक, कडेनं डोकावलं तर फरक आहे.

इथं फरक होता, पण केसाएवढा. एका टाइपफेसचं नाव ‘कागद’, दुसऱ्याचं ‘पडदा’. दोन्ही ताईंच्या धाकट्या बहिणीनं काढलेले. छापताना शाई पसरते म्हणून ‘कागद’च्या रेघा सडपातळ ठेवलेल्या, पडद्यावर बारीक रेघ विरून जाते म्हणून ‘पडदा’ची शिरोरेषा जाड आणि अक्षरांची पोटं, म्हणजे गोलाईतली रिकामी जागा, मोकळी. पाठ्यपुस्तकं काढणाऱ्यांना हा बारकावा सांगून काय उपयोग? त्यांना छापील पुस्तकात आणि टॅबवर एकच अक्षर हवं होतं. “ताई, दोन्ही सारखेच तर दिसतात. एक ठेवा आणि शुक्रवारी कळवा,” एवढं म्हणून त्यांनी हात झटकले होते. उरलेला कायमचा अडगळीत जाणार, हे सांगायची गरज नव्हती.

तसं बघितलं तर त्यात ठरवायचं काहीच नव्हतं. ‘पडदा’ पूर्ण होता. ‘कागद’चं घोडं एका अक्षरापाशी अडलं होतं, ळपाशी.

त्याचं असं होतं. धाकटी एखादं अक्षर काढून झालं की बाजूला पेन्सिलीनं एक ठिपका द्यायची. ठिपका म्हणजे, ताई, बघ. ताई बघायच्या आणि पटलं तर टिक करायच्या. मग धाकटी आपल्या हातानं ठिपका खोडायची आणि फुंकर मारून रबराचा चुरा उडवायची, तो बरोबर ताईंच्या चहात. पंचवीस वर्षं समोरासमोरच्या टेबलांवर हेच चाललं होतं. न पटलेल्या अक्षराला ताईंनी भिडेखातर कधी टिक केली नाही. केली असती तरी धाकटीच्या ती लगेच लक्षात आली असती.

ळ तिनं आजारपणात अंथरुणातून काढला आणि नवऱ्याच्या हाती ऑफिसात पाठवला. टाइपफेसच्या फाइली सांभाळणाऱ्या इंजिनियरनं तो स्कॅन करून फाइलमध्ये घातला आणि कागद ताईंपुढं ठेवला. त्या दिवशी ताईंना काम होतं. खरं सांगायचं तर कामापेक्षा भीती जास्त होती. बहिणीचा हात किती थरथरायला लागलाय, हे त्यांना बघवणार नव्हतं. “उद्या बघते म्हणावं,” असा निरोप देऊन त्यांनी कागद पालथा घालून खालच्या ड्रॉवरमध्ये ठेवला. दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत ती गेली.

या गोष्टीला सात महिने झाले. तो ड्रॉवर ताईंनी उघडला नव्हता, आणि ‘कागद’चा छापील नमुना वाचताना ळ आला की नजर पुढं सरकायची.

मंगळवारी त्यांनी ‘कागद’चा नमुना पुन्हा छापला तर सातव्या ओळीतला ळ फराटला होता. अक्षराच्या उजवीकडे एक राखाडी झाक गेली होती, पेन्सिलीवरून तळवा घासत गेल्यासारखी. धाकटी डावखुरी होती. तिचा हात लिहिलेल्यावरूनच पुढं जायचा, आणि तिच्या प्रत्येक कागदावर अशी झाक असायची.

“प्रिंटरचा ड्रम घाण झाला असेल,” इंजिनियर म्हणाला. हा पन्नाशीचा, टक्कल पडलेला, शांत माणूस. त्याच्या लेखी जगातल्या निम्म्या अडचणी धुळीमुळे होतात. त्यानं प्रिंटर उघडून पुसला. ‘पडदा’ छापला, स्वच्छ आला. ‘कागद’ छापला, पुन्हा झाक, तीही फक्त ळपाशी.

ताईंनी कालचा आणि आजचा कागद काचेवर धरला. सगळी अक्षरं एकमेकांच्या आड लपली. ळ लपला नाही. त्याचं उजवं पोट कालच्यापेक्षा मोठं झालं होतं.

“फाइलला सात महिन्यांत कुणी हात लावलेला नाही, ताई. तारीख बघा.” इंजिनियरनं मॉनिटर त्यांच्याकडे वळवला. पडद्यावर ळ होता तसाच होता.

ताई हट्टानं कोपऱ्यावरच्या झेरॉक्सच्या दुकानात जाऊन नमुना छापून घेऊन आल्या. तिथंही तेच. बुधवारी दुपारपर्यंत नऊ कागद झाले. नऊच्या नऊ त्यांनी ओळीनं मांडले. ळ वेडावाकडा बदलत नव्हता. आधी पोटं फार मोठी, मग फार आवळलेली, मग डावं जमलेलं आणि उजवं मागं राहिलेलं. ही चाल त्यांच्या पाठ होती. खोडून पुन्हा काढताना धाकटी अशीच जायची.

नवव्या कागदावर ळच्या बाजूला एक ठिपका होता. ताईंनी रबर घेऊन त्याच्या कडेवर हलकेच फिरवलं. कड पुसली गेली. लेझर प्रिंटरमधून पेन्सिलीचा ठिपका आला होता.

इंजिनियरनं चष्मा काढला, पुसला, परत लावला. “मी जरा बाहेर जाऊन येतो,” म्हणाला. त्या दिवशी तो धुळीबद्दल पुन्हा काही बोलला नाही.

ताईंनी धाकटीच्या नवऱ्याला फोन लावला. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर विचारलं, “शेवटी ती काही म्हणत होती का हो?”

“तुम्हाला वाईट वाटेल म्हणून सांगितलं नाही, ताई. ताईनं बघितलं का, एवढंच विचारत होती सारखी. मी म्हटलं, बघितलं, छान झालंय म्हणाल्या. खोटंच बोललो.”

“मग?”

“म्हणाली, मग टिक कुठंय?”

फोन ठेवल्यावर ताई आपल्या जागेवर बसून रडल्या. सात महिन्यांत त्या ऑफिसात पहिल्यांदाच रडल्या.

गुरुवारी सकाळी त्यांनी खालचा ड्रॉवर उघडला. कागद तसाच पालथा होता. उलटा केला, तर ळच्या जागी कागद खोडून खोडून कांद्याच्या सालीएवढा पातळ झाला होता. ड्रॉवरच्या तळाशी रबराचा चुरा पडला होता. ताजा, मऊ.

त्यांनी कागद टेबलावर घेतला, चष्मा लावला आणि ळ पहिल्यांदा नीट बघितला. अक्षर जमलेलं नव्हतं. टिक करायला हात शिवशिवत होता, पण अशी टिक धाकटीला चालली नसती.

“उजवं पोट दबलंय गं,” त्या समोरच्या रिकाम्या खुर्चीकडे बघून म्हणाल्या. “जरा श्वास घेऊ दे त्याला.”

छापलं. उजवं पोट मोकळं झालं होतं.

“आता देठ आखूड वाटतो.”

छापलं. देठ वाढला होता.

दुपार कधी झाली ते कळलं नाही. सात महिन्यांत एवढी सुखाची दुपार त्यांनी पाहिली नव्हती. त्या बोलत होत्या, चिडवत होत्या, “अगं, इतकी वर्षं झाली, अजून घाई तीच,” असं म्हणत होत्या. डबा तसाच राहिला.

चार वाजता ळ जमला.

ताईंना तो बघताक्षणी कळलं. दोन्ही पोटं तोललेली, रेघ जिवंत, ‘पडदा’चा ळ याच्यापुढं काहीच नव्हता. बाजूला ठिपका होता. टिक केली की झालं.

टिक केली की संपलं.

पेन्सिल हातातच राहिली.

“अजून थोडं,” ताई म्हणाल्या. “डावीकडे बघ जरा.”

हे खोटं होतं. पंचवीस वर्षांतलं पहिलं.

प्रिंटर बराच वेळ घुमला. कागद बाहेर आला.

ळ बिघडला होता. रेघ थरथरत होती, मध्येच तुटून पुन्हा जोडलेली. राखाडी झाक कागदाच्या कडेपर्यंत गेली होती, जणू हात उचलण्याचीही ताकद नव्हती. खाली ठिपका. अगदी फिकट.

आजारी बाईला आपण कामाला बसवलंय, हे ताईंच्या ध्यानात आलं.

त्यांनी घाईघाईनं आधीचा कागद ओढला आणि जमलेल्या ळवर टिक केली. “झालं गं. छान झालं. नीज आता.”

शुक्रवारी त्यांनी ‘कागद’ निवडल्याचं कळवलं. इंजिनियरनं शेवटचा नमुना छापला. ळ स्वच्छ आला, जमलेला, जागच्या जागी, आणि मॉनिटरवरही आता तोच दिसत होता. आधीच्या, एक सोडून सगळ्या, कागदांवरचे ठिपके खोडले गेले होते आणि ताईंच्या कपातल्या चहावर रबराचा बारीक चुरा तरंगत होता. ताईंनी तो चहा तसाच पिऊन टाकला.

पुस्तकं छापून आली त्यालाही आता वर्ष होत आलंय. मुलं तो ळ वाचतात आणि कुणाला काही वेगळं दिसत नाही.

एका कागदावरचा ठिपका तेवढा गेला नाही. खोटं बोलून काढायला लावलेल्या अक्षराचा. त्यावर टिक करावी तर अक्षर चुकलेलं, आणि चुकलेल्या अक्षराला टिक धाकटी मानणार नाही. ताईंनी तो कागद खालच्या ड्रॉवरमध्ये ठेवलाय, पालथा नाही, उताणा. रोज सकाळी आल्या की ड्रॉवर उघडून म्हणतात, “राहू दे गं, माझंच चुकलं होतं.”

मग तळाशी साचलेला चुरा फडक्यानं पुसून घेतात. कागद आता ळच्या जागी आरपार दिसायला लागलाय.