जिन्यातली सरळ पावलं

कोणाला खोटं वाटलं तर वाटू दे. मी लेखिका नाही, बूट दुरुस्त करणारी बाई आहे. तिखटमीठ लावून सांगायची मला हौस नाही. जे झालं ते गेल्या नोव्हेंबरच्या दुसऱ्या बुधवारी झालं, संध्याकाळी सहा ते साडेसहाच्या मधे, आमच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर. अमावास्या नव्हती. वीज गेली नव्हती. समोरच्या सलूनमध्ये रेडिओ चालू होता.

भुताच्या गोष्टीत असतं तसलं काही नव्हतं.

फक्त माझी धाकटी बहीण नव्हती.

आधी घर सांगते. खाली दुकान. दुकानाला लागून रस्त्याकडचं दार, आत चौदा पायऱ्यांचा लाकडी जिना. वर आलं की पहिली आईची खोली, मग लांब बोळ, आणि बोळाच्या टोकाला बहिणीची खोली. आईचे गुडघे गेलेत, नजरही अधू झालीय. ती दिवसभर खुर्चीत बसून असते.

बहिणीला सगळे ठमी म्हणायचे. एकतिसाव्या वर्षीसुद्धा ठमीच. जन्मापासून तिचा डावा पाय उजव्यापेक्षा इंचभर आखूड. त्या पायाला उंच तळाचा बूट लागायचा. आधी बाबा करून द्यायचे, बाबा गेल्यावर मी. मी अर्धाच इंच चढवायचे, कारण पूर्ण चढवला की बूट जड व्हायचा. त्यामुळे ती थोडी लंगडायचीच.

जिन्यात तिचं पाऊल वाजायचं...

टक... सर्र. टक... सर्र.

आमच्या धंद्यात माणूस टाचेवरून कळतो. कोणाची बाहेरून झिजते, कोणाची आतून, कोण घाईत असतो, कोण पाय ओढतो. मला पाठमोरी बसवा, जिन्यातून कोण येतंय ते मी न बघता सांगते. ह्या गोष्टीचा मला भारी तोरा होता.

तोच तोरा मला नडला.

ठमी चष्म्याच्या दुकानात कामाला होती. दोन वर्षांपूर्वी एक दिवस ती जेवताना म्हणाली, "ताई, मी चेटूक शिकतेय."

"कोणाला बेडूक करणार? माझ्याकडे एक गिऱ्हाईक आहे, त्याच्यापासून सुरुवात कर."

"तसलं नाही गं. आपलं आपल्यापुरतं. कोणाचं वाईट करायचं नाही, हा पहिला नियम."

ग्रंथालयातून तिने चार-पाच पुस्तकं आणली. पटलं ते घेतलं, नाही पटलं ते सोडलं, आणि स्वतःची एक वही केली. वर लिहिलं होतं, 'चेटूक : नवशिक्यांसाठी (म्हणजे माझ्यासाठी)'. कामावरून आली की ती खोलीत जायची. उंबऱ्यावर मिठाची रेघ, खिडकीतल्या टेबलावर एक मेणबत्ती, एक वाटी पाणी. दहा मिनिटं गप्प बसायची. आईला झोप लागावी म्हणून तिने काहीतरी केलं होतं. माझा राग कमी व्हावा म्हणूनही केलं होतं. त्याचा काही उपयोग झाला नाही.

"ताई, एकदा बस ना माझ्याबरोबर."

"डोकं खाऊ नकोस. खाली सोळा जोड पडलेत."

दर आठवड्याला ती विचारायची. दर आठवड्याला माझे सोळा जोड पडलेले असायचे.

ऑगस्टमध्ये तिला ताप आला. मग छातीत पाणी झालं. नऊ दिवस हॉस्पिटल. नवव्या दिवशी दुपारी मी दुकानात यायला निघाले, तेव्हा तिने माझी ओढणी धरली.

"परत किती वाजता येशील?"

"सहाला. पक्कं."

पावणेपाचला फोन आला. मी कुठल्यातरी अनोळखी माणसाच्या बुटाला तळ चिकटवत होते. हात सोल्युशनने माखलेले. फोन दोनदा हातातून निसटला.

सहाला मी पोचले...

पलंगावरची चादरसुद्धा बदलून झाली होती.

नंतरचे दोन महिने मला आठवत नाहीत. काम केलं असणार. पण रोज सहा वाजले की हातातला बूट खाली ठेवला जायचा. मला तिला परत जिवंत करायचं नव्हतं, एवढी खुळी मी नाही. एकदाच भेटायचं होतं. 'मी आलेय गं, सहा वाजलेत, मी आलेय,' एवढंच सांगायचं होतं.

ऑक्टोबरच्या शेवटी मी तिची वही उघडली.

एका पानावर तिच्या गोल अक्षरात लिहिलेलं होतं, 'गेलेल्या माणसाला भेटायचं असेल तर.' खाली सगळं सोपं करून सांगितलेलं. आधी दहा दिवस नुसतं बसायचं, नवशिक्याने घाई करायची नाही. अकराव्या दिवशी त्या माणसाची रोजच्या वापरातली वस्तू त्याच्या येण्याच्या वाटेवर ठेवायची. दाराकडे पाठ करून बसायचं. आलेलं माणूस आधी बोलत नाही, आपण नाव घेऊन बोलवायचं. मग तिने पेनने दोनदा गिरवून लिहिलं होतं...

'भीती वाटली तर "जा" म्हणता येतं. पण सांभाळून! ज्याला आपल्या तोंडाने जा म्हटलं, ते माणूस पुन्हा कधी येत नाही.'

आणि पानाच्या कोपऱ्यात, 'ताई, चोरून वाचत असशील तर मार खाशील.'

मी वही छातीशी धरून किती वेळ रडले ते माहीत नाही.

दुसऱ्या दिवसापासून सहाच्या ठोक्याला दुकान बंद करून मी तिच्या खोलीत बसू लागले. पहिले काही दिवस मीठ सांडायचं, काडी विझायची, डोक्यात उद्याच्या टाचा. स्वतःचंच हसू यायचं. अख्खी हयात जिची टिंगल केली, तिच्या जागेवर बसून मी तेच करत होते.

सहाव्या दिवशी एक गोष्ट झाली.

मी डोळे मिटले आणि समोरच्या सलूनचा रेडिओ थांबला.

रस्त्यावरचे हॉर्न थांबले. भिंतीवरचं घड्याळसुद्धा...

मेणबत्ती विझवली, आणि सगळं परत सुरू झालं.

सलूनवाल्याला विचारलं. तो म्हणाला, "ताई, रेडिओ सकाळपासून चालू आहे. बंद केला तर गिऱ्हाइकं ओरडतात."

दहावा दिवस मंगळवार होता. त्या संध्याकाळी मी ठमीचे बूट पिशवीतून काढले. हॉस्पिटलने दिले होते तसेच होते. उजवी टाच बाहेरून पार खाल्लेली, डावा तळ सुटायला आलेला. असा बूट मी तिच्या वाटेवर ठेवू? झिजलेला जोड हातात आला की माझे हात गप्प बसत नाहीत. बाबांनी वळणच तसं लावलंय.

मी उजवी टाच नवी घातली.

आणि डाव्याला कॉर्कचा तळ चढवला. पूर्ण एक इंच.

तीन वर्षं ती मागे लागली होती. "ताई, कॉर्क हलका असतो म्हणे. एकदा पूर्ण उंचीचा करून दे ना. मला सरळ चालून बघायचंय."

"बघू," म्हणायचे मी.

काम दीड तासाचं होतं. तीन वर्षं मी दीड तास काढला नव्हता. मंगळवारी काढला.

बुधवारी पावणेसहाला मी आईला चहा दिला, तिचं दार उघडं ठेवलं. बूट जिन्याच्या तळाशी, रस्त्याकडच्या दाराच्या आत ठेवले. दाराला आतून कडी घातली. वर आले. मिठाची रेघ ओढली, मेणबत्ती लावली, दाराकडे पाठ करून बसले.

"ठमी, मी आलेय. सहा वाजलेत."

रेडिओ थांबला.

हॉर्न थांबले.

घड्याळ...

किती वेळ गेला कळलं नाही. मग खाली, अगदी तळाच्या पायरीवर...

टक.

मी पुढच्या आवाजाची वाट बघत होते. त्या 'सर्र'ची.

टक. टक. टक.

सरळ. ताठ. दोन्ही पाय सारखे.

हे ठमीचं पाऊल नव्हतं. एकतीस वर्षं ऐकलेलं पाऊल मी चुकेन होय? दाराला आतून कडी होती आणि कोणी परकं माणूस आमचा जिना चढून येत होतं.

मधेच पावलं थांबली. पुन्हा सुरू झाली. वर आली.

आणि आईच्या दारासमोर उभी राहिली.

आई तिथे एकटी होती, धड उठता न येणारी. मी उठायला गेले तर पाय गळाठलेले.

टक टक, टक टक... दोन पावलं पुढे, दोन मागे. पुन्हा पुढे. पुन्हा मागे. कोणीतरी माझ्या आईच्या दारात येरझारा घालत होतं.

आणि आईचा आवाज आला. शब्द नव्हते. नुसता हुंदका.

मग ती पावलं बोळातून माझ्याकडे निघाली. भरभर... जवळजवळ पळत.

माझ्या पाठीमागे, उंबऱ्यावर, येऊन थांबली. पायाखाली मीठ कुरकुरलं.

कोणीतरी धापा टाकत होतं.

मी नाव घ्यायला हवं होतं. वहीत लिहिलं होतं, नाव घ्यायचं. पण माझ्या डोक्यात एवढंच होतं की हे जे कोणी आहे, त्याने माझ्या आईला रडवलंय. जो राग तिच्या चेटकाने गेला नव्हता, तोच उसळून वर आला.

"जा!" मी ओरडले. "कोण असशील ते, जा! निघ माझ्या घरातून! जा!"

तीनदा. माझ्या तोंडाने तीनदा.

धापा थांबल्या.

मग अगदी हळू, कोणी वाकून नाड्या सोडतंय असा आवाज...

एक बूट खाली ठेवला.

दुसरा ठेवला.

आणि बोळातून परत जाताना, अनवाणी...

धप... सर्र.

धप... सर्र.



"ठमी!" मी उठले, टेबल पाडलं, मेणबत्ती विझली. "ठमे, थांब गं! मी ओळखलं नाही! ठमे!"

बोळात कोणी नव्हतं. जिन्यात कोणी नव्हतं. पण आवाज खाली उतरत होता, एकेक पायरी. मी त्याच्यामागे धावत खाली गेले. तळाला पोचले आणि आवाज संपला. दाराची कडी आतून तशीच होती. समोर रेडिओवर बातम्या चालू होत्या.

वर आले तेव्हा तिच्या खोलीच्या उंबऱ्यावर बूट होते. मी खाली ठेवलेले बूट. शेजारी शेजारी, मिठाच्या रेघेवर, टोकं आत माझ्या बसायच्या जागेकडे. कोऱ्या कॉर्कच्या कडेला मिठाचे खडे रुतले होते.

मी भिंतीला धरून आईच्या खोलीत गेले.

आईचा चेहरा ओला होता. आणि ती हसत होती. ऑगस्टनंतर पहिल्यांदा.

"आली होती ना?" ती म्हणाली.

"कोण?"

"कोण काय? माझी ठमी. सातव्या पायरीवर दम खायला थांबली, तेव्हाच मी ओळखलं. कितीही सरळ चालली तरी दम तिथेच लागायचा तिला." आईने पदराने डोळे पुसले. "काय ताठ चालत होती गं! माझ्या दारात पुढे-मागे करून दाखवलं मला. मला धूसर दिसतं, पण खांदे सारखे होते तिचे. दोन्ही सारखे. इतक्या वर्षांत पहिल्यांदा."

मी जमिनीवर बसले. आईच्या मांडीवर डोकं ठेवलं.

"मग तुला दाखवायला पळाली असेल," आई म्हणाली. "सगळ्या गोष्टी आधी ताईला दाखवायच्या असायच्या तिला."



आईचा हात माझ्या केसांतून फिरत होता. फिरता फिरता थांबला.

"पण जाताना लंगडत का गेली गं? मला ऐकू आलं. रडत होती ती." आईने विचारलं, "तुमचं काही भांडण झालं का? तू काही बोललीस का तिला?"

"नाही," मी म्हटलं.

ह्याला आता बरेच महिने झाले. मी अजून रोज सहाला तिच्या खोलीत बसते. मीठ, मेणबत्ती, पाणी, सगळं वहीत लिहिलंय तसं. आता काडी विझत नाही, मीठ सांडत नाही. तिचं नाव घेते, माफी मागते. रेडिओ एकदाही थांबलेला नाही.

त्या दिवशी नक्की कोण आलं होतं, ते मी कोणाला सिद्ध करून दाखवू शकत नाही. मला स्वतःला कधी कधी वाटतं की ती नसावी. ती नसेल तर बरं, असंही वाटतं.

आईला मात्र खात्री आहे. पावणेसहा वाजले की ती मला हाक मारते आणि खुर्ची दाराकडे वळवून द्यायला सांगते. "आज येईल बघ," म्हणते.

मी खुर्ची वळवून देते.