पुढचे लहान पाऊल

देवगडच्या किनारा-कक्षातल्या मोठ्या पडद्यावर तीन माणसे चहा पीत बसलेली दिसत होती. ती समुद्राच्या तळाशी, 'शिंपला' नावाच्या प्रयोगशाळेत होती. त्यांच्या पाठीमागे पोलादी दार होते, आणि त्या दाराआड, नमुने ठेवायच्या खोलीत, त्यांची चौथी सहकारी केतकी बांदेकर मांडीपर्यंत पाण्यात उभी होती. खोलीच्या बाहेरच्या भिंतीला तडा गेला होता, पाणी चढत होते आणि दार उचलणारी मोटर जळाली होती.

"दार हाताने उचलायची सोय आहे," अभियंता लोबो म्हणाला. "भिंतीला दांडा लावलेलाय. तिघांनी जोर केला तर जमेलही. चहा कसला पितायत हे?"

डॉ. शरयू बांदेकरांनी माईक जवळ ओढला. केतकी त्यांची एकुलती एक मुलगी. "मुजावर, दार उचलायला घ्या."

पथकप्रमुख फिरोज मुजावरांनी कप खाली ठेवला. "मॅडम, मी हिशेब करून पाहिला. दार निघायची शक्यता फार कमी आहे. जे आपल्या हातात नाही त्यासाठी तळमळण्यात अर्थ नाही. केतकीशी बोललोय मी. तीही शांत आहे."

मुजावर निर्दय माणूस नव्हता. गेल्या वर्षी बुडत्या ट्रॉलरवरून त्याने दोन खलाशी अक्षरशः ओढून आणले होते, स्वतःचा जीव धोक्यात घालून. शरयूंना ते ठाऊक होते आणि म्हणूनच त्यांना त्याच्या या शांतपणाची भीती वाटली.

"हे तुमचं बोधरोपण," लोबो म्हणाला. "बाई, मला कळेल असं सांगा. नेमकं काय घातलंय यांच्या डोक्यात?"

"पुस्तकं," शरयू म्हणाल्या. "राग कसा आवरावा, चार माणसांत कसं वागावं, हे आपण सगळ्यांनीच वाचलेलं असतं. वागत मात्र कोणी नाही. कारण वाचलेलं स्मृतीत जातं, आणि स्मृती वाद घालते. सवय वाद घालत नाही. सायकलचा तोल सावरताना तुम्ही विचार करता का? ते काम मेंदूतलं सवयकेंद्र करतं. आम्ही पुस्तकातला बोध थेट तिथे रोवला."

"मग बिघडलं कुठे?"

"सवयकेंद्रात पुस्तक मावत नाही, वाक्य मावतं. एका ग्रंथाचं एक सारवाक्य."

ती सारवाक्ये शरयूंनीच लिहिली होती. शाळेपासून सारांशलेखनात त्यांचा हात धरणारे कोणी नव्हते. उताऱ्याचा एक-तृतीयांश करायचा: उदाहरणे गाळा, शंका गाळा, 'परंतु'ने सुरू होणारे वाक्य बेलाशक उडवा आणि पैकीच्या पैकी गुण घ्या. तत्त्वज्ञानाचे, समाजशास्त्राचे, आत्मविकासाचे जाडजूड ग्रंथ त्यांनी असेच आटवले. ग्रंथकार दोन ओळींत सांगतो की हातात नसलेले सोडून द्या, आणि मग दोनशे पाने डोके खाजवत बसतो की हातात काय आहे हे ठरवायचे कसे. ती दोनशे पाने गळाली. मूर्खपणाच होता तो, आणि असा मूर्खपणा भरपूर शिकलेल्या माणसालाच जमतो.

आधीची दोन पथके तळाशी कोंडून राहिल्यावर एकमेकांच्या जिवावर उठली होती, काम अर्धे टाकून वर आली होती. त्यामुळे प्रकल्पाचे संचालक आनंद धारप यांना हे शहाणे, न भांडणारे पथक हवेच होते. ते आता शरयूंच्या मागे हाताची घडी घालून उभे होते.

"आई," केतकीचा आवाज आला. "पाणी कमरेच्या वर आलंय. तू घाबरू नकोस हं. मला खरंच काही वाटत नाहीये."

तिने किंचाळावे, असे शरयूंना मनापासून वाटले. पोहायला शिकताना हीच पोर सगळा तलाव डोक्यावर घ्यायची.

त्यांनी मुजावरला हुकूम दिला, मग धमकी दिली, मग हात जोडले. मुजावरने सगळे शांतपणे ऐकून घेतले. समोरच्याचे पूर्ण ऐकून घ्या, हेही सारवाक्यच होते. तो ऐकत होता आणि जागचा हलत नव्हता.

"पाणबुडी निघालीय, पण पोचायला दुपार उलटेल," लोबो म्हणाला. "आणखी कुठली वाक्यं आहेत त्यांच्यात? एखादं कामाचं असेलच की."

शरयू मनातल्या मनात धावत सुटल्या. कृतज्ञ राहा. तुलना करू नका. रागाला रागाने उत्तर देऊ नका. आणि मग त्यांना ते आठवले, आळशी माणसाला पहाटे अंथरुणातून उठवणारे वाक्य: मोठ्या ध्येयाकडे पाहू नका, पुढचे लहान पाऊल उचला.

"मुजावर," त्या आवाज सपाट ठेवून म्हणाल्या, "दार विसरा. फक्त उभे राहा."

मुजावर उभा राहिला.

"भिंतीवरचा दांडा काढा. खाचेत बसवा. तुम्ही दोघे, उठा. दांड्याला हात लावा. आता थोडासा फिरवा."

दांडा हलला नाही.

"पुन्हा. थोडासाच."

कुठेतरी लोखंड कुरकुरले. पडद्यावर दाराखाली पाण्याची पातळ रेघ दिसली. लोबो पुटपुटत देवाचे नाव घेत होता. शरयू 'आणखी थोडा' म्हणत राहिल्या आणि तिघे फिरवत राहिले. मुजावरच्या तळव्याची साल निघाली, दांड्यावरून रक्त ओघळले, पण त्याने हात बदलला नाही. तसे त्याला कोणी सांगितले नव्हते.

दार हातभर उचलले गेले. पाण्याचा लोंढा मुख्य खोलीत घुसला, पंप घरघरू लागले.

"केतकी, खाली वाक. दाराची कड धर. श्वास रोख. डोकं पाण्याखाली घाल. पुढे सरक."

केतकी लोंढ्याबरोबर बाहेर फेकली गेली. शरयूंनी तशाच, एकेक पाऊल सांगत, दार पुन्हा खाली करवून घेतले. पाणी ओसरू लागले. लोबो जमिनीवरच बसला. शरयू टेबलावर डोके ठेवून रडल्या, मोठ्याने, कोण पाहते आहे याची पर्वा न करता.

"पुढे, मॅडम?" मुजावरने विचारले.

"झालं, बाबा. आता सगळे विश्रांती घ्या."

"ते लहान पाऊल नाही, मॅडम. पुढचं सांगा."

शरयूंनी मान वर केली. चौघेही निथळत उभे होते आणि कॅमेऱ्याकडे पाहत होते. केतकीचे दात वाजत होते, ओठ निळे पडले होते. कांबळे तिच्या हाताशी होते, पण ती ते घेत नव्हती. कुठे थांबायचे, हेही त्या पुस्तकात होते. शेवटचे प्रकरण होते ते. सारांशात बसले नव्हते.

"आई, आता काय करू?" केतकी म्हणाली.

"कांबळं उचल. अंगावर घे. माझ्याशिवाय कोणाचंही ऐकू नकोस."

केतकीने कांबळे घेतले. "'कोणाचंही ऐकू नकोस' हे काही पाऊल नाही, आई."

धारप पुढे आले. "म्हणजे पाऊल कोण सांगतंय याने त्यांना फरक पडत नाही," ते हळू आवाजात म्हणाले. "कुठे चाललोय हेही कळावं लागत नाही." त्यांच्या चेहऱ्यावर केतकी वाचल्याचा आनंद होता, नाही असे नाही. पण तो एवढ्याचाच नव्हता. "पुढच्या महिन्यात सुरक्षा दलाच्या जवानांचं बोधरोपण सुरू होतंय. आज जे पाहिलं ते मला सगळ्यांसमोर दाखवता आलं पाहिजे. एक-दोन गोष्टी करून बघू या यांच्यावर. द्या माईक. तुम्ही दमलात."

"लाइन तोडू का?" लोबोने विचारले.

"नको. ती तशीच उभी राहील, ओली. पाणबुडी येईपर्यंत." शरयूंनी माईक दोन्ही हातांनी छातीशी धरला. "केतकी, ओले कपडे काढ. मुजावर, कपाट उघडा. पट्टी काढा. तळव्याला गुंडाळा."

धारपांनी खुर्ची ओढली आणि ते शेजारी बसले. त्यांना घाई नव्हती. बाई किती वेळ बोलतील?

लोबोने पाण्याचा पेला पुढे केला. शरयूंचा घसा कोरडा पडला होता, पण प्यायला थांबावे लागले असते. त्यांनी पेला बाजूला सारला.

"केतकी," त्या म्हणाल्या, "खाली बस. पाय जवळ घे."

तळाशी त्यांची मुलगी खाली बसली, पाय जवळ घेतले आणि कॅमेऱ्याकडे पाहिले.