मोजणी पुरी होऊ दे

वीज येईपर्यंत ऐका. खोटं वाटलं तर ओस्मेलला विचारा, तो अजून इथेच होल्गीनला कॉम्प्युटर दुरुस्त करतो. फक्त अंधार पडल्यावर विचारू नका, शिव्या देईल.

नऊ नोव्हेंबरची गोष्ट, गुरुवारची रात्र. ओस्मेलला हे काम शिकवणारे आमचे उस्ताद रिगोबेर्तो जाऊन चाळीस दिवस झाले होते. घशाचा आजार. ऑपरेशनआधी त्यांनी नातीसाठी आपल्या आवाजात गोष्टी भरून ठेवल्या होत्या, त्यांच्या जुन्या खटारा कॉम्प्युटरमध्ये. नंतर गळ्याला भोक राहिलं आणि आवाज गेला. बोलायला गेले की नुसती शीळ यायची. कॉम्प्युटरच्या मेमरीच्या पट्ट्यांची टोकं ते आयुष्यभर एका गुलाबी खोडरबराने घासून साफ करायचे. शवपेटी बंद करताना ओस्मेलने ते खोडरबर त्यांच्या खिशात ठेवलं.

त्यांची बायको नेरेइदा सकाळी सहाच्या बसने हवानाला निघणार होती, तिथून कायमची लेकीकडे. खटारा काही विमानात नेता येत नव्हता.

"पोरा, मला तेवढा त्याचा आवाज काढून दे."

"मावशी, कॉफी ठेव. उकळी फुटायच्या आत देतो!"

मोठा शहाणा! वीज अकराला आली होती, एकला जाणार होती. मशीन सुरू झालं की आधी आपली मेमरी तपासतं. पडद्यावर आकडे चढतात, आतून टिकटिक येते. उस्ताद बजावायचे, "मोजणी पुरी होऊ दे. खराब मेमरी सोन्याची माती करते." पण दोन तासांच्या विजेवर जगणारे आपण, थांबतंय कोण? एक बटण दाबलं की मोजणी टळते. ओस्मेलनेही टाळली. आवाज पेन ड्राइव्हवर उतरवायलाच दीड तास गेला. लावून पाहिला, तर नुसती खरखर.

"हा माझा रिगो नाही रे," म्हणत मावशी स्वयंपाकघरात गेली. तिचं रडणं बाहेर ऐकू येत होतं. ओस्मेलला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

त्याने मशीन पुन्हा सुरू केलं. सवयीने बोट बटणावर गेलं.

मोजणी टळली नाही.

टिक... टिक...

निम्म्यावर आकडा थांबला.

मागून शीळ आली. बारीक. गळ्यातून येते तशी...

ओस्मेलने वळून पाहिलं नाही.

एक वाजला. वीज गेली. पंखा थांबला. पडदा काळा झाला.

टिक... टिक...

"मावशी, तू मागे आहेस ना?"

"मी इथे मेणबत्ती शोधतेय रे!" स्वयंपाकघरातून.

मग खुर्ची कोणाची करकरली...?

मावशी मेणबत्ती घेऊन आली. खुर्ची रिकामी होती. मशीनच्या खोक्याच्या झाकणाचे चारही स्क्रू घट्ट, पेचकस ओस्मेलच्या खिशात. आणि आतल्या दोन पट्ट्यांपैकी एक, बाहेर, टेबलावर.

साडेतीनला वीज आली. ओस्मेलने हात मांडीखाली दाबून ठेवले. एका पट्टीवर मोजणी शेवटपर्यंत गेली. आवाज लख्ख उतरला. "एकदा काय झालं, राणी..." मावशी ऐकत उभी राहिली. सहाच्या बसमध्ये तो पेन ड्राइव्ह तिच्या मुठीत होता.

ती बाहेर काढलेली पट्टी? ती ओस्मेलने उचलली तेव्हा तिची टोकं चकाकत होती. खाली टेबलावर चुरा पडला होता.

गुलाबी. हात लावला तर अजून गरम होता.